व्हिजिटिंग कार्ड स्वतःच तयार करा, नावातलं एकही अक्षर न गमावता

व्हिजिटिंग कार्ड छापायचं ठरलं की आपण काय करतो? नाव, धंदा, पत्ता आणि मोबाईल नंबर व्हॉट्सॲपवर टाइप करून डीटीपीवाल्याला पाठवतो. आपल्याला वाटतं, तो हाच मजकूर उचलून कार्डावर ठेवणार. बऱ्याच ठिकाणी तसं होत नाही. अनेक दुकानांत अजून श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालतं आणि मोबाईलवरून आलेला युनिकोड मजकूर तिथे जसाच्या तसा बसत नाही. मग ऑपरेटर तो वाचून पुन्हा टाइप करतो. 'कुऱ्हाडे'चे 'कुर्हाडे' होतात ते तिथेच. 'येळ्ळूरकर' मधला एक ळ गळतो तोही तिथेच. प्रूफ मोबाईलवर येतं, आपण गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता 'ओके' लिहून मोकळे होतो, आणि हजार कार्डांचा गठ्ठा चुकीच्या आडनावासकट घरी येतो.

ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला तो पंचवीस जणांचा मजकूर टाइप करतो, आणि आपल्या सीमाभागात तर मराठी, कन्नड, इंग्रजी असं तिन्ही भाषांत. चूक होते ती दुसऱ्यांदा टाइप करण्यात. म्हणून उपायही तिथेच आहे: कार्ड स्वतः तयार करायचं आणि दुकानात फक्त पीडीएफ न्यायची. पीडीएफमधला मजकूर कुणी पुन्हा टाइप करत नाही. त्यासाठी कोरलड्रॉ शिकायची गरज नाही. अर्ज आणि बिलं लिहायला घरी जो वर्ड किंवा लिबरऑफिस वापरतो, तो पुरतो.

आधी मजकूर, मग कॉम्प्युटर

कार्ड म्हणजे साडेतीन इंच रुंद आणि दोन इंच उंच तुकडा. त्यात नाव, काम, एक मोबाईल नंबर आणि ठिकाण एवढं आरामात बसतं. दोन नंबर दिले की समोरच्याला कोणता लावायचा कळत नाही. 'आमचे येथे सर्व प्रकारची कामे खात्रीशीर करून मिळतील' या ओळीची जागा पाटीवर आहे, कार्डावर नाही. 'सर्व प्रकारची' म्हणजे नेमकी कोणती, ते चार शब्दांत लिहा. 'पंप दुरुस्ती आणि मोटर वाइंडिंग' असं वाचलं की शेतकरी कार्ड जपून ठेवतो.

आता नावाचा प्रश्न, आणि तो आपल्याकडे साधा नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं नाव किमान दोन लिप्यांत वावरतं. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी. बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. इंदूर-ग्वाल्हेरकडे लिपी देवनागरीच, पण हिंदीच्या सवयीने ळ चा ल होतो आणि 'काळे' यांचे 'काले' होतात. रोमन लिपीत तर काळे आणि काले सारखेच दिसतात, वाचणाऱ्याने काय म्हणायचं ते त्याच्यावर. म्हणून माझं मत असं की कार्डावर नाव मराठीत असलंच पाहिजे, आणि तेही वर, मोठं. खाली किंवा मागे दुसरी लिपी येऊ द्या. आपलं नाव कसं उच्चारायचं हे सांगणारा तोच एक पुरावा असतो.

रोमन स्पेलिंग मात्र मनाने ठरवू नका. बँक खात्यावर जे आहे तेच ठेवा. गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे पाठवतो तेव्हा त्याला पडद्यावर बँकेतलं नाव दिसतं. कार्डावर एक आणि तिथे दुसरं दिसलं की तो थबकतो, फोन करून खात्री करतो.

गावाच्या नावाचंही ठरवून टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर 'बेळगावी' आहे, आपण घरात आणि दारात बेळगावच म्हणतो. मराठी बाजूला काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, फक्त पत्ता देणार असाल तर पिनकोड अचूक द्या. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४ चा कायदा आहे, त्यामुळे काहीजण कार्डाबद्दलही बिचकतात. तो नियम दुकानांच्या आणि आस्थापनांच्या पाट्यांचा आहे, खिशातल्या कार्डाचा नाही. तरी कन्नड बाजू असावी, पण वेगळ्या कारणासाठी: आपलं अर्धं गिऱ्हाईक कन्नड वाचतं.

तिन्ही लिप्या एका बाजूला कोंबू नका. पुढे मराठी आणि त्याखाली बारीक इंग्रजी, मागे कन्नड, ही वाटणी बरी पडते. कन्नड आणि तेलुगूची अक्षरं गोल, पसरट. मराठीत एका ओळीत मावलेला मजकूर तिकडे दीड ओळ घेतो. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये ती डोळ्याला हलकी दिसते. आणि हे लिप्यंतर मशीनवर सोडू नका. शेजारच्या कन्नड माध्यमात शिकलेल्या पोराला किंवा शाळेतल्या शिक्षकांना दाखवा. दोन मिनिटांचं काम असतं.

वर्डमध्ये कार्डाचा सांगाडा

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, २९.७ उंच. साडेतीन इंच म्हणजे ८.८९ सेंमी आणि दोन इंच म्हणजे ५.०८ सेंमी. आडवी दोन आणि उभी पाच, अशी दहा कार्डं एका कागदावर बसतात. रुंदी गेली १७.७८, उरले ३.२२, म्हणजे डावी-उजवी समास १.६१. उंची गेली २५.४, उरले ४.३, म्हणजे वर-खाली २.१५ सेंमी. पुढचं सगळं या आकड्यांवर उभं आहे. काही दुकानं ९ बाय ५.४ सेंमीचं कार्ड कापतात, म्हणून आधी विचारून घ्या. तसं असेल तर समास १.५ आणि १.३५ होतील.

वर्ड उघडा. 'लेआऊट' मध्ये कागद ए-फोर निवडा. बऱ्याच कॉम्प्युटरवर तिथे 'लेटर' हा अमेरिकन आकार बसलेला असतो आणि सगळी मोजमापं तिथेच बिघडतात. समास घाला: डावा-उजवा १.६१, वरचा २.१५. खालचा मात्र २.१५ न ठेवता १.५ ठेवा. कारण असं की वर्ड टेबलाखाली एक रिकामी ओळ ठेवतोच, ती पुसता येत नाही. जागा नेमकी भरली तर ती ओळ दुसऱ्या पानावर जाते आणि प्रिंटरमधून एक कोरा कागद फुकट बाहेर येतो. त्या ओळीचा फॉन्ट १ पॉइंट करून टाकला की कटकट मिटली.

मग 'इन्सर्ट' मधून दोन रकान्यांचं, पाच ओळींचं टेबल घाला. टेबल निवडून उजवं बटण दाबा, 'टेबल प्रॉपर्टीज' उघडा. 'टेबल' या भागात अलाइनमेंट 'सेंटर' ठेवा, नाहीतर टेबल समासापेक्षा किंचित डावीकडे सरकतं. 'रो' मध्ये उंची ५.०८ सेंमी, आणि शेजारी 'ॲट लीस्ट' असेल तिथे 'एक्झॅक्टली' निवडा. 'कॉलम' मध्ये रुंदी ८.८९. 'ऑप्शन्स' मध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ची खूण काढा आणि चारही बाजूंनी आतली जागा ०.५ सेंमी द्या. शेवटची गोष्ट दुर्लक्षू नका. कटिंग एखाद-दीड मिलिमीटर इकडेतिकडे जातंच, अर्धा सेंटिमीटर मोकळा असेल तर अक्षराला धक्का लागत नाही.

'एक्झॅक्टली' मुळे एक गोष्ट होते: मजकूर जास्त झाला तर घर वाढत नाही, खालच्या ओळी नुसत्या दिसेनाशा होतात. याचा अर्थ मजकूर कमी करा, अक्षर बारीक करू नका.

आता फक्त पहिल्या घरात लिहा. बाकीची नऊ रिकामी राहू द्या. पहिलं कार्ड पूर्ण पसंत पडलं, कागदावर छापून पाहिलं, घरातल्या दुसऱ्या माणसाने वाचलं, की मगच ते कॉपी करून नऊ घरांत पेस्ट करायचं. घाईने आधीच दहा घरं भरली तर पुढची प्रत्येक दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते, आणि नववं किंवा दहावं घर हमखास राहून जातं.

लोगो असेल तर पहिल्या घरातच दोन रकान्यांचं छोटं टेबल घालून डावीकडे लोगो, उजवीकडे मजकूर ठेवा. लोगो 'इन लाइन विथ टेक्स्ट' असू द्या. मोकळा सोडलेला लोगो पेस्ट करताना उड्या मारतो. दोन सेंटिमीटरचा लोगो नीट छापायला साधारण २४० पिक्सेल रुंदीचं चित्र लागतं. व्हॉट्सॲपच्या डीपीवरून उचललेला लोगो पडद्यावर चालतो, पण कागदावर धुरकट होतो.

लिबरऑफिस वापरत असाल तर

लिबरऑफिस फुकट आहे, आणि या कामात ते वर्डपेक्षा काकणभर सरसच म्हणायला हवं. 'फाईल', मग 'न्यू', त्यात 'लेबल्स'. 'बिझनेस कार्ड्स' असाही पर्याय तिथे दिसेल, पण त्यातले तयार नमुने इंग्रजी पत्त्यांच्या पद्धतीचे आहेत. कोरं लेबल बरं. 'फॉरमॅट' मध्ये वरचेच आकडे भरा: आडवा 'पिच' ८.८९, उभा 'पिच' ५.०८, रुंदी आणि उंचीही तीच, डावा समास १.६१, वरचा २.१५, रकाने दोन, ओळी पाच. पिच म्हणजे एका कार्डाच्या कडेपासून पुढच्या कार्डाच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर. दोन कार्डांमध्ये फट ठेवायची नाही, म्हणून पिच आणि रुंदी सारखीच येते. 'ऑप्शन्स' मध्ये 'एंटायर पेज' आणि 'सिंक्रोनाइझ कंटेंट्स' या दोन्हींवर खूण करा.

ही दुसरी खूण म्हणजे खरी सोय. पहिल्या कार्डात बदल केला आणि 'सिंक्रोनाइझ लेबल्स' चं बटण दाबलं की बाकीची नऊ आपोआप बदलतात. मोबाईल नंबर बदलला, दुकान हललं, एका दाबात काम झालं. मजकूर कडेला चिकटलेला दिसला तर परिच्छेदाला डावी-उजवीकडून अर्धा सेंटिमीटर जागा द्या.

अक्षराचं वळण

फॉन्ट युनिकोडच हवा. विंडोजमध्ये निर्मला हा असतोच. फुकट मिळणाऱ्यांत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू चांगले आहेत. सीमेवरच्या माणसाला बालूचा खास उपयोग: त्याच वळणाची कन्नड, गुजराती आणि तेलुगू भावंडं आहेत, त्यामुळे कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. जरा गंभीर, सरळ चेहरा हवा असेल, म्हणजे वकील, डॉक्टर, हिशेबनीस वगैरे, तर नोटो सान्स घ्या. तोही या सगळ्या लिप्यांत मिळतो.

देवनागरी म्हटलं की बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर मराठीसाठी म्हणून केलेला फॉन्ट शोधा. 'तिरो देवनागरी मराठी' यात ही वळणं मुळातच आहेत. हा काही वाद घालायचा विषय नाही, पण 'शेलार' किंवा 'लाड' आडनाव असलेल्यांना फरक लगेच डोळ्यात भरेल.

राहिला 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूरकर यांची रोजची डोकेदुखी. साधा र, त्याचा पाय मोडला आणि ह लिहिला की रफार येतो: र्ह. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की हवा तसा 'ऱ्ह' उमटतो. विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र ज्या बटणावर आहे, त्याच बटणाला शिफ्ट लावला की ऱ मिळतो. एकदा जमलं की ते आडनाव कॉपी करून मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवून द्या. पुढे लग्नपत्रिकेलाही उपयोगी पडेल.

नाव १४ पॉइंट, बाकी मजकूर ९ च्या आसपास ठेवा. इंग्रजी ७ पॉइंटलाही वाचता येतं, पण मराठीत वर वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं असतात. त्या मापात 'क्ष' आणि 'श्व' म्हणजे शाईचे ठिपके होतात. ओळींमधलं अंतर कमी करायला 'लाइन स्पेसिंग' मध्ये 'एक्झॅक्टली' निवडलंत तर मात्र जपून. आकडा लहान पडला की मात्रा आणि रफार वरून छाटले जातात. टेबलाच्या उंचीला 'एक्झॅक्टली' ठीक, ओळीला 'सिंगल' च बरं.

मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत, पाच-पाचच्या दोन गटांत लिहा. देवनागरी आकडे मलाही आवडतात, पण हुबळीच्या किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला ते वाचताना अडखळायला नको. क्यूआर कोड घालायचा असेल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका आणि छापलेल्या कागदावरून दोन वेगवेगळ्या मोबाईलनी स्कॅन करून बघा. लिबरऑफिसमध्ये 'इन्सर्ट' मधून तो तिथल्या तिथे तयार करता येतो.

पीडीएफ आणि दुकान

वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ निवडा. लिबरऑफिसमध्ये 'एक्सपोर्ट ॲज पीडीएफ'. फॉन्ट पीडीएफच्या आतच जातात, त्यामुळे दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. वर्डची मूळ फाईल मात्र दुकानात देऊ नका. तिथे फॉन्ट नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा लावतो आणि ओळी पुढे-मागे सरकतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पडद्याचा फोटो काढून पाठवला की सगळी मेहनत वाया.

डिजिटल छपाईवाले बहुधा १२ बाय १८ इंचाच्या मोठ्या कागदावर कार्डं मांडतात. त्यावर तीन आडवी, आठ उभी अशी चोवीस बसतात. त्यांना दहा कार्डांचं पान नको असतं, एकच कार्ड हवं असतं. त्यासाठी एक वेगळी फाईल करा: कागदाचा आकारच ८.८९ बाय ५.०८ सेंमी, समास ०.५. कार्डाची पार्श्वभूमी पांढरी ठेवलीत तर हे पुरतं. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचा रंग द्यावा लागतो, म्हणजे कागद ९.४९ बाय ५.६८ होतो. पहिल्यांदा करताना पांढरंच बरं. पडद्यावरचा झगझगीत निळा छापल्यावर थोडा मंद येतो, हेही गृहीत धरा. अक्षरं काळीच ठेवा.

डिजिटलवर शंभर कार्डंही छापून मिळतात. ऑफसेटचा हिशेब प्लेट बनवण्यापासून सुरू होतो, म्हणून तिथे हजाराच्या खाली परवडत नाही. नवा धंदा असेल, जागा भाड्याची असेल, तर शंभरच घ्या.

घरी छापायचं तर

प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत किती जीएसएमपर्यंतचा कागद चालतो ते लिहिलेलं असतं. दुकानातलं कार्ड साधारण ३०० जीएसएमचं असतं. घरच्या प्रिंटरला एवढा जाड कागद बहुतेकदा झेपत नाही, कोपऱ्यात अडकून चुरगळतो. त्याला चालेल तेवढा जाड, पण चकचकीत नसलेला कागद घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंकजेटची शाई वाळत नाही, बोटाला लागते. लेझर असेल तर कागद मागच्या किंवा समोरच्या सरळ ट्रेमधून घाला आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार जाड निवडा.

प्रिंट देताना 'फिट टू पेज' नको, 'ॲक्चुअल साइज' किंवा १०० टक्के हवं. नाहीतर प्रिंटर सगळं पान थोडं आकसून छापतो आणि कार्ड साडेतीन इंचांचं राहत नाही. पहिली प्रत साध्या कागदावर काढून पट्टीने मोजा.

दोन्ही बाजूंना छापताना कागद लांब कडेवर उलटायचा. दहाही कार्डं एकाच माणसाची असतील तर काळजी नाही. पण एका पानावर दोघा भावांची कार्डं घेतली, डावीकडे थोरल्याची आणि उजवीकडे धाकट्याची, तर मागच्या पानावर ती उलट मांडावी लागतात. नाहीतर थोरल्याच्या मराठी नावामागे धाकट्याचं कन्नड नाव येतं. मागची छपाई मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतेच, म्हणून मागे चौकट काढू नका. वाकडेपणा चौकटीनेच उघडा पडतो.

टेबलाच्या रेषा जाड कागदावर छापायच्या नाहीत. कापल्यावर अर्धी रेषा एका कार्डाला लागून राहते. त्याऐवजी रेषांसकट एक प्रत साध्या कागदावर काढा, ती वर ठेवून कडांना चार क्लिप लावा आणि तिच्या रेषांवरून कापा. कात्री नको, स्टीलची पट्टी आणि कटर. पट्टी कार्डाच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पातं घसरलंच तर बाहेरच्या कागदात जाईल. आधी आडव्या पट्ट्या कापा, मग प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे. एका वेळी दोन-तीन कागदांच्या वर घेऊ नका, खालचे सरकतात.